गूढ, गुह्य आणि गूज

ज्ञानेश्वरीच्या पारायणासाठी एक छोटे टिपण तयार करणाऱ्या भगिनींनी तीन शंका विचारल्या आहेत. ‘गूढ’ या शब्दाचा मूळ अर्थ कोणता आणि त्याला अध्यात्मातला अर्थ कसा आला, ही पहिली. गूढ, गुह्य, गुप्त आणि रहस्य हे शब्द एकाच अर्थाचे मानावेत का, ही दुसरी. आणि ओव्यांमध्ये वारंवार भेटणारा ‘गुज’ हा शब्द ‘गुंजन’ या शब्दापासून आला असे त्यांनी एका प्रवचनात ऐकले, ते बरोबर आहे का, ही तिसरी.

तिसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण ते थोडक्यात देता येते आणि बाकीचे सगळे विवेचन शेवटी त्याच शब्दापाशी येऊन थांबणार आहे. ‘गुज’ हा शब्द ‘गुह्य’ या शब्दाचे मराठी रूप आहे. गुंजनाशी, गुणगुणण्याशी किंवा कुजबुजीशी त्याचा व्युत्पत्तीने काहीही संबंध नाही. संस्कृत आणि जुने मराठी शिकवण्यात माझे आयुष्य गेले, आणि या एका शब्दकुळाविषयी जितके चुकीचे सांगितले जाते तितके फार थोड्या शब्दांविषयी सांगितले जात असेल, असे माझे मत झाले आहे. त्यातली सर्वांत मोठी चूक अशी की ‘गूढ’ म्हणजे ‘जे कधीच कळणार नाही ते’ असे गृहीत धरले जाते. शब्दाच्या पोटात तो अर्थ नाही. शब्दाच्या पोटात आहे ते ‘झाकलेले’, आणि झाकलेले म्हटले की झाकणारे काहीतरी आले, ते दूर करण्याची शक्यता आली आणि दूर करणारा हातही आला.

मूळ धातू गुह्. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या पारंपरिक यादीत, त्याचा अर्थ ‘गुहू संवरणे’ असा दिला आहे, आणि संवरण म्हणजे झाकणे, आवरण घालणे. या धातूला भूतकाळवाचक ‘त’ प्रत्यय लागला की ‘गूढ’ हे रूप होते. ‘ह’ आणि ‘त’ हे दोन्ही वर्ण दिसेनासे होऊन त्यांच्या जागी एकच ‘ढ’ येतो, आणि एक वर्ण नाहीसा झाल्याची भरपाई म्हणून आधीचा उकार दीर्घ होतो. याच रीतीने रुह् धातूपासून ‘रूढ’ आणि लिह् (चाटणे) धातूपासून ‘लीढ’ ही रूपे होतात. मुह् धातूला तर दोन वाटा मिळाल्या: एका वाटेने ‘मूढ’ झाला आणि दुसरीने ‘मुग्ध’ झाला, आणि आज आपण पहिल्याला नावे ठेवतो नि दुसऱ्याचे कौतुक करतो. सांगायचे इतकेच की ‘गूढ’ या शब्दातला दीर्घ ऊकार वरून चिकटवलेला नाही, तो व्याकरणाच्या हिशेबातून आलेला आहे. म्हणून ‘गुढ’ असे ऱ्हस्व लिहिणे चूक ठरते, आणि तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, शब्द असल्यामुळे ‘गूढाचा’, ‘गूढतेने’ अशा रूपांतही तो दीर्घच राहतो.

येथेच आणखी एक समजूत दूर करायला हवी. ‘गु म्हणजे अंधार, रु म्हणजे त्याचे निवारण’ अशी गुरू या शब्दाची फोड सर्वांच्या ओठांवर आहे, आणि त्याच आधारावर गूढ, गुह्य, गुहा या शब्दांतही ‘गु’ म्हणजे अंधारच आहे असे पुष्कळ वक्ते सांगतात. गुरूची ती फोड स्तुतीसाठी केलेली आहे, ती भक्ताच्या मनाला भावते आणि त्या ठिकाणी ती शोभतेही. पण ती व्युत्पत्ती म्हणून वापरता येत नाही. गुरू या शब्दाचा मूळ अर्थ जड, वजनदार असा आहे, आणि ‘गुरुत्वाकर्षण’ म्हणताना आपण तोच अर्थ वापरतो. गुह् धातूत अंधाराचा उल्लेख नाही. भर दुपारी पदराखाली झाकलेला दिवासुद्धा गूढच म्हणावा लागेल.

आता जुन्यात जुना पुरावा पाहू. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्तात ‘तम आसीत्तमसा गूळ्हमग्रे’ असा चरण आहे: आरंभी अंधार अंधारानेच झाकलेला होता. येथे ‘गूढ’ ऐवजी ‘गूळ्ह’ असे रूप दिसते, कारण ऋग्वेदाच्या पाठात दोन स्वरांच्या मधला ‘ढ’ ‘ळ्ह’ होतो आणि ‘ड’ ‘ळ’ होतो. पहिल्याच ऋचेतला ‘अग्निमीळे’ हा शब्द त्यामुळेच तसा उच्चारला जातो. पुढच्या अभिजात संस्कृतातून हा ळ गेला. मराठी माणसाला मात्र नासदीय सूक्त म्हणताना जीभ वळवावी लागत नाही, आणि वर्गात हा चरण म्हणून घेताना मला दर वेळी त्याचा आनंद झालेला आहे. या चरणात ‘अंधार’ आणि ‘गूढ’ हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आले आहेत, हेही लक्षात घ्यावे. गूढ म्हणजेच अंधार असता, तर ऋषीला अंधारासाठी वेगळा शब्द घालावा लागला नसता.

त्याच संहितेत ‘गुहा’ हा शब्द डोंगरातली पोकळी या अर्थाने स्थिर होण्याआधी ‘लपलेल्या जागी, दृष्टीआड’ अशा क्रियाविशेषणासारखा येतो. पहिल्या मंडलातील १६४व्या सूक्तात वाणीची चार पदे सांगितली आहेत, त्यांपैकी तीन ‘गुहा निहिता’, म्हणजे आड ठेवलेली आहेत, ती हालचाल करत नाहीत, आणि माणसे बोलतात ते चौथे. पुढे परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी या चार वाणींचा विचार याच ऋचेशी जोडला गेला. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या ऋचेचे महत्त्व असे की झाकलेपणाचा संबंध येथे बोलण्याशी येतो. माणूस जे बोलतो त्याच्या मागे न बोललेले तिप्पट आहे, असा तो विचार आहे.

तरीही हा शब्द बराच काळ साध्या व्यवहारातच वावरत होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘गूढपुरुष’ म्हणजे हेर, आणि त्यांची निवड नि नेमणूक यांवर पहिल्या अधिकरणात स्वतंत्र अध्याय आहेत. अमरकोशात सापाच्या नावांमध्ये ‘गूढपाद्’ हे एक नाव येते, ज्याचे पाय झाकलेले आहेत तो. कुबेराचे सेवक ते ‘गुह्यक’. शरीराचे जे भाग झाकून ठेवायचे त्यांना ‘गुह्य’ म्हणण्याची रीतही जुनीच आहे, आणि ‘गुह्येंद्रिय’ या शब्दात ती मराठीत आजही चालू आहे. हेर, साप, यक्ष आणि शरीर या सगळ्यांना लागू पडणारा हा शब्द होता. त्यात पावित्र्य नव्हते आणि भयही नव्हते.

संस्कृताच्या भगिनीभाषांतही धातूचा अर्थ हाच आहे. इराणमधल्या बेहिस्तूनच्या कड्यावर सम्राट दारयवहूचा जो प्रचंड शिलालेख इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस कोरला गेला, त्यात प्राचीन पारशी भाषेतला याच कुळाचा धातू ‘लपवू नकोस’ अशा आज्ञेत आलेला आहे. राजा वाचणाऱ्याला बजावतो की हा वृत्तांत लपवू नकोस, लोकांना सांग. सांगितलास तर अहुरमज्द तुझा मित्र होईल. गुह् धातूच्या चरित्रात सांगणे, न सांगणे आणि मैत्री या तीन गोष्टी एकत्र येताना पाहून मला गीतेची आठवण झाल्याशिवाय राहत नाही, जरी त्या दोहोंचा परस्परांशी काहीही संबंध नसला तरी.

अध्यात्माचा अर्थ या शब्दात उपनिषदांनी भरला, आणि कठोपनिषदात ते अगदी जवळून पाहता येते. यम नचिकेताला सांगतो: ‘तं दुर्दर्शं गूढमनुप्रविष्टं गुहाहितं गह्वरेष्ठं पुराणम्’. पाहण्यास कठीण, झाकलेला, आत शिरलेला, गुहेत ठेवलेला, गहन जागी असलेला असा तो पुराणपुरुष. एका ओळीत ‘गूढ’ आणि ‘गुहा’ या एकाच धातूच्या दोन मुली एकत्र आणल्या आहेत, आणि ‘गह्वर’ हा त्यांच्याशी ध्वनीने जुळणारा शब्द जोडीला घेतला आहे. ओळ मोठ्याने म्हणून पाहिली तर ग आणि ह यांच्या आवृत्तीतून आत आत उतरत गेल्याचा भास होतो. त्याच उपनिषदात पुढे ‘एष सर्वेषु भूतेषु गूढोऽऽत्मा न प्रकाशते’ असे म्हटले आहे, आणि त्याच श्लोकाच्या दुसऱ्या अर्ध्यात ‘दृश्यते त्वग्र्यया बुद्ध्या सूक्ष्मया सूक्ष्मदर्शिभिः’ असे सांगून टाकले आहे. सर्व भूतांमध्ये झाकलेला आत्मा प्रकट होत नाही, पण सूक्ष्म बुद्धीला तो दिसतो. श्लोकाचा पहिला अर्धा सांगून दुसरा सोडून देण्याची जी सवय पडली आहे, तिच्यामुळेच ‘गूढ’ म्हणजे ‘अज्ञेय’ हा गैरसमज रुजला.

ही गुहा कोणती, याचे उत्तर भाष्यकारांनी दिलेले आहे. तैत्तिरीय उपनिषदात ‘यो वेद निहितं गुहायाम्’ (गुहेत ठेवलेले जो जाणतो) असे शब्द येतात तेथे शंकराचार्य गुह् धातूचा ‘झाकणे’ हा अर्थ मुद्दाम नोंदवतात आणि गुहा म्हणजे बुद्धी असे सांगतात, कारण ज्ञान, ज्ञेय आणि ज्ञाता हे तिन्ही तिच्यात दडलेले असतात. म्हणजे जे शोधायचे ते शोधणाऱ्याच्या आतच ठेवलेले आहे. कठातल्याच ‘अणोरणीयान् महतो महीयान्’ या मंत्राचा दुसरा चरण ‘आत्मास्य जन्तोर्निहितो गुहायाम्’ (या जीवाचा आत्मा गुहेत ठेवलेला आहे) असा आहे, आणि पहिल्या चरणाचा उद्गार आपण तुकोबांच्या ‘अणुरणीया थोकडा । तुका आकाशाएवढा’ या अभंगात रोज ऐकतो. उपनिषदाने जे ‘त्या’ आत्म्याविषयी सांगितले, ते तुकोबांनी स्वतःचे नाव घालून सांगितले. गुहेतला सापडल्याखेरीज असे बोलता येत नाही.

आता दुसऱ्या शंकेकडे वळतो. ‘गुप्त’ हा शब्द कानाला ‘गुह्य’ या शब्दाचा भाऊ वाटतो, पण त्याचे कूळ वेगळे आहे. तो गुप् या धातूचा, आणि गुप् म्हणजे रक्षण करणे. ‘गोप’ म्हणजे गायींचा राखणदार, आणि हा धातूच मुळात त्या गोप शब्दावरून निघाला असे भाषाशास्त्राचे अभ्यासक मानतात. त्यामुळे ‘गुप्त’ म्हणजे ‘राखलेले’, ज्याच्यावर पहारा आहे असे. गुप्त धनाला राखणदार लागतो. गूढाला राखणदार लागत नाही. त्याच्यावर आवरण आहे, इतकेच. आत्म्याला ‘गूढ’ म्हटले तर तो झाकला गेला आहे एवढाच अर्थ होतो. ‘गुप्त’ म्हटले तर कोणीतरी तो आपल्यापासून राखून ठेवला आहे असे सूचित होते. उपनिषदांनी आत्म्याचे वर्णन करताना ‘गूढ’ हाच शब्द पुनःपुन्हा निवडला, त्याची किंमत या फरकावरून कळते.

‘रहस्य’ हा तिसऱ्याच घराण्यातला. ‘रहस्’ म्हणजे एकांत, आणि त्याच्या मुळाशी रह् हा ‘सोडणे’ या अर्थाचा धातू आहे, जो ‘विरह’ आणि ‘रहित’ या शब्दांत आपल्या रोजच्या ओळखीचा आहे. जे एकांतात सांगायचे ते रहस्य. गुरूजवळ बसून, चौघांना वगळून शिकायचा वेदाचा भाग म्हणून उपनिषदांना रहस्य हे नाव मिळाले. मनुस्मृतीत वेद ‘सरहस्य’ शिकावा असे म्हटले आहे, तेथे हाच अर्थ आहे. आणि खुद्द ‘उपनिषद्’ हा शब्दही आरंभी ग्रंथाचे नाव नव्हता. बृहदारण्यकात ‘तस्योपनिषत् सत्यस्य सत्यमिति’ असे येते, त्याचे ते अंतरीचे नाव ‘सत्याचे सत्य’ आहे, अशा अर्थाने. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ ‘गीतारहस्य’ या नावाने ओळखला जातो, तेव्हा तेथे रहस्य म्हणजे मर्म, सार. आज ‘रहस्य’ म्हटले की वाचकाला खून आणि पोलीस तपास आठवतो, हे त्या शब्दाचे मी नुकसानच मानतो.

या ओघात ‘गूढवाद’ या शब्दाविषयी एक मत नोंदवतो. इंग्रजीतल्या ‘मिस्टिसिझम’ या शब्दासाठी हिंदीने ‘रहस्यवाद’ स्वीकारला आणि मराठीने ‘गूढवाद’. मूळ शब्द ग्रीक आहे. त्याच्या मुळाशी ‘मिटणे’ या अर्थाचा धातू आहे, डोळे किंवा ओठ मिटणे. अथेन्सजवळच्या एल्युसिस येथे दीक्षा घेतलेल्यांसाठी जे विधी होत ते बाहेर सांगणे हा गुन्हा होता, आणि इसवी सनापूर्वी ४१५ मध्ये अल्किबिआदीससारख्या बलाढ्य पुढाऱ्यावर त्या विधींच्या विटंबनेचा आरोप आला होता. म्हणजे तेथे जोर ओठ मिटण्यावर आहे. रा. द. रानडे यांनी महाराष्ट्रातील संतांवरचा आपला इंग्रजी ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध केला तेव्हा त्यांना तो इंग्रजी शब्द वापरणे भागच होते. पण मराठीत लिहिताना संतांच्या अनुभवाला ‘गूढवाद’ म्हणणे मला पटत नाही. ‘वाद’ म्हणजे मांडलेला पक्ष, आणि ज्ञानोबा-तुकोबा कोणता पक्ष मांडत नव्हते. ‘साक्षात्कार’ किंवा नुसता ‘अनुभव’ हे आपले शब्द पुरेसे आहेत.

गीतेत हे दोन्ही शब्द, गुह्य आणि रहस्य, ज्या जागी येतात त्या जागा आपण वहीत एकत्र उतरवून घ्याव्यात, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. चौथ्या अध्यायात ‘भक्तोऽसि मे सखा चेति रहस्यं ह्येतदुत्तमम्’. नवव्याच्या आरंभी ‘गुह्यतमं’ आणि लगेच पुढच्या श्लोकात ‘राजगुह्यम्’. दहाव्यात ‘मौनं चैवास्मि गुह्यानाम्’. अकराव्याच्या पहिल्या श्लोकात अर्जुन स्वतः ‘परमं गुह्यम्’ ऐकल्याची पोच देतो, आणि पंधराव्याचा समारोप ‘गुह्यतमं शास्त्रम्’ या शब्दांनी होतो. अठराव्यात तर गुह्य, गुह्यतर, सर्वगुह्यतम अशा पायऱ्याच लागतात. या जागा सलग वाचल्या म्हणजे एक गोष्ट आपोआप डोळ्यांत भरते. जेथे जेथे भगवंत ‘हे गुह्य आहे’ असे म्हणतात, तेथे बहुधा तुला ते का सांगतो हेही म्हणतात, आणि कारण प्रत्येक वेळी नात्याचे असते. तू भक्त आहेस, सखा आहेस. तू दोष काढणारा नाहीस. अठराव्या अध्यायातला ६४वा श्लोक या दृष्टीने संपूर्ण वाचावा:

सर्वगुह्यतमं भूयः शृणु मे परमं वचः ।
इष्टोऽसि मे दृढमिति ततो वक्ष्यामि ते हितम् ॥

सर्व गुह्यांत गुह्य असे माझे वचन पुन्हा ऐक. तू मला अत्यंत आवडतोस, म्हणून तुझ्या हिताचे सांगतो. श्लोकाच्या आरंभी ‘गुह्य’ आहे आणि अखेरीस ‘हित’ आहे. मराठीत या दोन शब्दांचा जोड म्हणजे ‘हितगुज’. मराठीने तो शब्द या श्लोकावरून घडवला असा माझा दावा नाही, तसे सिद्ध करता येणार नाही. पण श्लोकातला संपूर्ण भाव ज्यात मावेल असा एकच शब्द कोणत्या भाषेत आहे असे विचारले, तर मी मराठीकडे बोट दाखवीन.

‘गुह्य’ या शब्दाचा ‘गुज’ कसा झाला ते आता पाहू. संस्कृतातला ‘ह्य’ प्राकृतात ‘ज्झ’ होतो, आणि ‘ध्य’ या जोडाक्षराचेही तेच होते. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात हा नियम सांगताना ‘गुज्झ’ हेच एक उदाहरण दिले आहे. पुढे मराठीत येताना जोडाक्षर सुटे झाले आणि महाप्राणही, म्हणजे ‘झ’ मधला हकारही, बऱ्याच शब्दांत गळाला. ‘मह्यम्’ पासून ‘मज्झ’ आणि त्यातून ‘मज’. ‘संध्या’ पासून ‘संझा’ आणि त्यातून ‘सांज’. ‘मध्य’ पासून ‘मज्झ’ आणि त्यातून ‘माज’, जो ‘माजघर’ या शब्दात टिकून आहे. तसाच ‘गुह्य’, ‘गुज्झ’, ‘गुज’. लेक माहेरी आली की रात्री जेवणे आटोपल्यावर, दिवा मंद करून, माझी आजी आणि मावशी माजघरात गुजगोष्टी करत बसत. त्या दोन शब्दांचे जन्म एकाच ध्वनिनियमातून झाले आहेत हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळले. आम्हा मुलांना ऐकू येऊ नये इतपत आवाज खाली असे, पण लपवण्यासारखे त्यात काही नसे. मनात साचलेले ज्याच्याजवळ बोलावे अशा माणसाजवळ बोलले जात होते.

ध्वनी बदलला तसा अर्थही हलला, आणि या शब्दकुळाच्या इतिहासातली ही मला सर्वांत मोलाची घटना वाटते. ‘गुह्य’ म्हणजे झाकायचे. ‘गुज’ म्हणजे सांगायचे, पण आपल्या माणसाला. मराठीत आपण गुज ‘करतो’, गुज ‘बोलतो’, गुज ‘सांगतो’. ‘गुज लपवले’ असे सहसा कोणी म्हणत नाही. आवरणावरचा जोर उठून तो कानाजवळ आलेल्या ओठांवर गेला. उपनिषदाच्या मूळ अर्थातही गुरूजवळ बसलेला शिष्य आहेच. मराठीने त्यातले जवळ बसणे ठेवले आणि वगळलेले चौघे विसरून टाकले.

ज्ञानेश्वरांनी तर त्या चौघांनाही आत बोलावले. सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे वर्णन करताना ते नाथपंथाच्या सांकेतिक खुणेपाशी येतात. ‘पिंडें पिंडाचा ग्रासु । तो हा नाथसंकेतींचा दंशु । परि दाऊनि गेला उद्देशु । श्रीमहाविष्णु’. पिंडानेच पिंडाचा घास घ्यावा हे नाथांच्या संकेताचे मर्म, पण भगवंत गीतेत त्याचा केवळ निर्देश करून गेले. पुढच्याच ओवीत ज्ञानदेव म्हणतात: ‘तया ध्वनिताचें केणें सोडुनि । यथार्थाची घडी झाडुनी । उपलविली म्यां जाणुनी । ग्राहीक श्रोते’. ही ओवी शिकवताना मी नेहमी थांबतो. केणें म्हणजे विक्रीचा माल. कापडाचा व्यापारी गाठोड्याची गाठ सोडतो, आतली घडी उचलतो, ती झटक्यासरशी झाडतो आणि गिऱ्हाइकासमोर पसरतो, म्हणजे पोत, काठ, रंग सगळे दिसते. सूचनेचे गाठोडे सोडून मी अर्थाची घडी तशी उलगडली, कारण समोर बसलेले श्रोते खरे गिऱ्हाईक आहेत हे मी ओळखले, असे ते म्हणतात. संकेत म्हणून जपलेल्या वस्तूसाठी बाजारातली, भर उजेडातली प्रतिमा त्यांनी निवडली. श्रोत्याची पात्रता ते सोडत नाहीत, ‘जाणुनी’ हा शब्द तेथे आहे. पण त्यांच्या लेखी पात्रता म्हणजे घेण्याची इच्छा.

नवव्या अध्यायाचे गीतेतले नावच राजविद्याराजगुह्ययोग आहे. त्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव काय म्हणतात ते आपल्या श्रोत्यांना जरूर ऐकवावे: ‘तरि अवधान एकलें दीजे । मग सर्व सुखासि पात्र होईजे । हें प्रतिज्ञोत्तर माझें । उघड ऐका’. राजगुह्याच्या दारातच ‘उघड’ हा शब्द ठेवलेला आहे, आणि पात्रतेची अट केवळ लक्ष देण्याची.

महाराष्ट्रात याहून वेगळी वाटही होती, आणि टिपणात तिचा उल्लेख असावा असे मला वाटते. महानुभावांनी आपला विचार मुख्यतः मराठीत मांडला, संस्कृताचा आग्रह धरला नाही. पण पुढे त्यांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपींत उतरवून ठेवले, आणि विसाव्या शतकात त्या लिपींची उकल होईपर्यंत ते बाहेरच्या वाचकाला वाचता येत नव्हते. वर केलेला भेद लावायचा तर ते वाङ्मय ‘गूढ’ नव्हते, ‘गुप्त’ होते, राखलेले होते, आणि ते राखले गेल्यामुळेच जुन्या मराठी गद्याचे इतके शुद्ध पाठ आपल्या हाती आले. याउलट वारकऱ्यांनी राखण्याचे कामच काढून टाकले. गुरुमंत्र कोणाला सांगू नये ही सर्वत्र रूढ असलेली मर्यादा. तुकोबांना स्वप्नात मंत्र मिळाला आणि त्यांनी तो अभंगात घातला: ‘बाबाजी आपुलें सांगितलें नाम । मंत्र दिला रामकृष्णहरि’. आज वारीत दोन अनोळखी माणसे एकमेकांना भेटताच तो मंत्र मोठ्याने म्हणतात.

आपल्या टिपणाच्या लेखनासंबंधी शेवटची सूचना. सध्याच्या शुद्धलेखनाप्रमाणे हा शब्द सुटा लिहिताना ‘गूज’ असा दीर्घ लिहावा, कारण तद्भव (संस्कृतातून बदलत आलेल्या) अकारान्त शब्दांतला उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातला, उकार ‘मूल’, ‘फूल’, ‘गूळ’ यांप्रमाणे दीर्घ होतो. विभक्तीत मात्र तो ‘मुलाचे’, ‘गुळाचे’ यांप्रमाणे ऱ्हस्व होऊन ‘गुजाचे’ असे लिहावे. सामासिक ‘हितगुज’ हा शब्द छापील मराठीत ऱ्हस्व उकारानेच अधिक आढळतो, आणि तो तसा ठेवण्यास माझी हरकत नाही. ओव्या उतरवताना हा नियम लावू नये; पोथीत ‘गुज’ असेल तेथे ‘गुज’च ठेवावे. आणि ‘राजगुह्य’ या शब्दाचा अर्थ कंसात द्यावयाचा झाल्यास ‘सर्वांत मोठे गुपित’ असा देऊ नये. ‘गुपित’ हा गुप् धातूचा शब्द आहे, त्याच्या दाराशी पहारेकरी उभा असतो. ‘सर्वांत जिव्हाळ्याचे गूज’ असे लिहिलेत तर धातूही तोच राहील आणि अर्जुनाचे नातेही त्यात राहील.